मनाची दोन टोके आणि लिथियम

जयपूर शहरातील जवाहरनगर भागात मे महिन्यात उष्णतामान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा उन्हापासून सर्वांनीच जपले पाहिजे. परंतु लिथियम हे औषध घेणाऱ्या मनुष्याने विशेष जपले पाहिजे. असे का, हे कळण्यासाठी एका मनोविकाराची व मेंदूतील रसायनांची ओळख करून घेणे इष्ट होय.

या विकारास द्विध्रुवी विकार म्हणतात. त्यात मनाची स्थिती दोन टोकांकडे जाते. एक टोक उन्मादाचे : झोपेची गरज वाटत नाही, विचार व वाणी वेगाने धावतात, पैसा अविचाराने खर्च होतो. दुसरे टोक विषादाचे : उत्साह मावळतो, साधे कामही जड वाटते, जगणे नकोसे होते. राजस्थानसह बारा राज्यांत २०१५-१६ साली झालेल्या राष्ट्रीय पाहणीत, दर दोनशे प्रौढांपैकी सुमारे एकास हा विकार आयुष्यात केव्हातरी झालेला आढळला.

मेंदूतील चेतापेशी परस्परांस संदेश देतात ते रासायनिक द्रव्यांच्या द्वारे. डोपामिन, नॉरॲड्रेनॅलिन व सेरोटोनिन ही त्यांपैकी प्रमुख होत. डोपामिनचे कार्य रोखणारी औषधे उन्माद शमवितात, आणि ते वाढविणारी द्रव्ये उन्मादासारखी लक्षणे उत्पन्न करू शकतात. परंतु एखादे रसायन कमी वा जास्त झाले एवढ्यावरून हा विकार उलगडत नाही. आनुवंशिकता, निद्रेचा क्रम व पेशींच्या आतील संदेशव्यवस्था यांचाही त्यात वाटा असतो. म्हणूनच रक्ताच्या एखाद्या तपासणीने या रोगाचे निदान करता येत नाही.

झटका चालू असताना अवधान, स्मरण व नियोजन या शक्ती क्षीण होतात. झटका ओसरल्यावरही काही रोग्यांत त्यांची थोडी उणीव उरते. वाचलेला मजकूर लक्षात राहत नाही, हिशेब चुकतो. घरची माणसे यास आळस समजतात. वस्तुतः तो आजाराचाच भाग असतो. बुद्धी नष्ट झाली, असा त्याचा अर्थ मुळीच नव्हे. झटके वारंवार येऊ न देणे, हा या शक्ती राखण्याचा एक महत्त्वाचा उपाय होय.

या कामी लिथियम उपयोगी पडते. १९४९ साली जॉन केड या ऑस्ट्रेलियन वैद्याने उन्मादाच्या दहा रोग्यांवर त्याचा गुण आल्याचे प्रसिद्ध केले. त्यांपैकी पहिला रोगी अनेक वर्षांच्या आजारानंतर घरी गेला. परंतु पुढे १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेने दगावला. औषध आणि विष यांतील अंतर किती थोडे आहे, हे त्यावरून कळून आले. आज रक्तातील त्याचे प्रमाण सामान्यतः दर लिटरमागे ०·६ ते १ मिलिमोल एवढे राखतात. ते १·५ च्या वर गेल्यास धोका संभवतो. याकरिता शेवटच्या मात्रेनंतर बारा तासांनी रक्त घेऊन तपासतात.

लिथियम हे सोडियमचे रासायनिक भावंड होय. जयपूरजवळच्या सांभर सरोवरातून निघणाऱ्या मिठात सोडियमच असते. मूत्रपिंडे या दोहोंस पुष्कळ अंशी सारखेच वागवितात. घामाने किंवा अतिसाराने शरीरातील पाणी व मीठ घटले, की मूत्रपिंडे सोडियम राखू लागतात. त्याबरोबर लिथियमही शरीरात अडकून राहते. उन्हाळ्यातील धोका तो हाच.

म्हणून अशा रोग्याने पाणी भरपूर प्यावे, आहारातील मीठ एकाएकी तोडू नये, आणि वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नयेत. हात जोराने कापू लागले, तोल जाऊ लागला वा जीभ जड झाली, तर विनाविलंब रुग्णालय गाठावे. बरे वाटते म्हणून औषध आपल्या मनाने बंद करणे हेही तितकेच घातक. कारण त्यामुळे झटका पुन्हा उलटण्याचा संभव वाढतो. औषध, नियमित झोप आणि घरच्यांची समजूत यांच्या आधारावर असंख्य माणसे आपला अभ्यास, नोकरी व संसार नीट सांभाळीत आहेत.