अन्नाची वाट मोकळी व्हावी म्हणून : जठराच्या मुखाशी कर्करोगाचा अडथळा आणि स्टेंट

पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून आमच्याकडे येणाऱ्या काही रुग्णांची हकीकत बरीचशी सारखी असते. ‘पित्त झाले आहे’ असे समजून काही महिने गोळ्या व चूर्ण घेतलेले असते. ऊसतोडीचा हंगाम उरकला की दाखवू, म्हणून तपासणी लांबणीवर पडलेली असते. दोन घास खाल्ले की पोट गच्च होते आणि होणाऱ्या मोठ्या उलटीत आदल्या दिवशीचे अन्न तसेच दिसते.

या उलटीत बहुधा खरे पित्त नसतेच. पित्त हे जठराच्या पुढे, लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उतरते. वाट त्याच्या अलीकडे बंद झाली असेल, तर ते मागे जठरात येऊ शकत नाही. म्हणून शिळ्या अन्नाची, हिरवा-पिवळा रंग नसलेली वारंवार उलटी आणि झपाट्याने घटणारे वजन दिसल्यास दुर्बिणीची तपासणी विनाविलंब करून घ्यावी.

अडथळा कशामुळे?

जठराच्या खालच्या टोकाचा कर्करोग वाढून जठराचे निर्गमद्वार बंद करतो, किंवा स्वादुपिंड व पित्ताशयाचा कर्करोग शेजारच्या आतड्यावर बाहेरून दाब आणतो. मात्र जुना व्रण किंवा क्षयरोग यांमुळेही अशी अडचण होते. त्यामुळे तुकडा तपासल्याशिवाय निदान पक्के करता येत नाही.

उपचाराचे दोन मार्ग

पहिला मार्ग शस्त्रक्रियेचा आहे. जठर पुढच्या आतड्याला जोडून अन्नास वळणमार्ग देण्याची शस्त्रक्रिया व्हिएन्ना येथे अँटोन वोल्फलर यांनी १८८१ साली प्रथम केली. आज ती लहान छिद्रांतूनही करता येते.

दुसरा मार्ग स्टेंटचा. निकेल व टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची ही जाळीदार नळी असते. ती दाबून बारीक केलेल्या स्थितीत दुर्बिणीतून, क्ष-किरणांच्या साहाय्याने अरुंद जागेत सोडली जाते. तेथे ती आपोआप फुलते आणि एक-दोन दिवसांत सुमारे दोन सेंटिमीटर व्यासाची वाट मोकळी करते. पोट उघडावे लागत नाही. तत्पूर्वी नाकातून नळी घालून जठर रिकामे करावे लागते, अन्यथा साचलेले अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. उलट्यांमुळे घटलेले पाणी व क्षारही सलाइनद्वारे भरून काढावे लागतात. पित्तनलिकाही बंद होऊन कावीळ झाली असेल, तर तिचा उपचार आधी करावा लागतो.

नेदरलँड्समधील २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३९ रुग्णांमध्ये या दोन उपचारांची तुलना केली गेली. स्टेंटनंतर रुग्ण लवकर जेवू लागले. परंतु कालांतराने शस्त्रक्रियेचा लाभ अधिक टिकला. दोन महिने किंवा अधिक आयुष्य अपेक्षित असल्यास शस्त्रक्रिया बरी, असा अभ्यासकांचा निष्कर्ष होता. म्हणून अतिशय अशक्त व रोग पसरलेल्या रुग्णास आम्ही प्रामुख्याने स्टेंटचा विचार करतो. पोटात अनेक ठिकाणी आतडे अडले असेल, तर एका ठिकाणच्या स्टेंटचा उपयोग होत नाही.

नातेवाइकांनी काय जाणावे?

स्टेंटने कर्करोग बरा होत नाही. गाठ जाळीतून आत वाढून वाट पुन्हा बंद होऊ शकते, स्टेंट सरकू शकतो, क्वचित रक्तस्राव होतो किंवा आतड्यास छिद्र पडते. उलटी पुन्हा सुरू झाल्यास ताबडतोब यावे.

आहार प्रथम पातळ, नंतर मऊ ठेवावा. पेज, वरण, मऊ खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी चालते. थोडे-थोडे, चावून, बसून खावे आणि लगेच आडवे होऊ नये. शेवग्याची शेंग, संत्र्याच्या फोडीची साल, तंतुमय पालेभाजी ही जाळीत अडकतात, ती टाळावीत.

‘त्यांना काही सांगू नका’ अशी विनंती आम्हांस वारंवार केली जाते. त्यामागील माया आम्ही जाणतो. तरीही आपल्याला काय झाले आहे, हे विचारणाऱ्या रुग्णास सौम्य शब्दांत सत्य सांगणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो. उरलेले दिवस कसे घालवावेत, हे ठरविण्याचा पहिला अधिकार त्याचा आहे.

देणगीदारांस

स्टेंट एकाच रुग्णासाठी, एकदाच वापरता येतो. उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ पासून राज्यातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखावयाच्या असतात आणि एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत ठेवावयाची असते. गरज या निधीहून मोठी आहे. ती उणीव आपल्या देणग्या भरून काढतात. अशा देणगीतून आजार बरा झाला, असे आम्ही सांगू शकत नाही. परंतु उपाशी परतलेल्या माणसास घरच्या माणसांच्या पंगतीत बसून चार घास खाता आले, एवढे निश्चितपणे सांगता येते.