तलवारीवरचं नाव कुणाचं? पातं वाचायला शिकूया

ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप.

आपल्या मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे तुम्ही ऐकलं असेलच. पण हे सतारमेकर मूळचे शिकलगार. म्हणजे तलवारींना धार लावणारे, हत्यारं दुरुस्त करणारे. एकोणिसाव्या शतकात ते काम कमी होत गेलं आणि त्यांचे हात भोपळ्याकडे वळले. तलवारी मात्र राहिल्या: देवघरात, माळ्यावर, वाड्यांच्या भिंतींवर. आणि त्यांच्यासोबत एक प्रश्नही राहिला. ही तलवार कुणाची आणि आली कुठून?

एक ताजं उदाहरण घेऊ. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने लंडनच्या सदबीज लिलावातून एक तलवार सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवली. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. तिच्यावर सोन्याने लिहिलंय: ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग’. हा लेख एकेक शब्द सुटा करून वाचायचा. ‘रघोजी भोसले’ हे मालकाचं नाव. ‘सेनासाहेब सुभा’ हा नागपूरकर भोसल्यांचा किताब, म्हणजे घराणं नक्की झालं. पण त्या घराण्यात पुढे दुसरे आणि तिसरे रघुजीही झाले. म्हणून नुसतं नाव पुरत नाही. पात्याची आणि मुठीची घडण कोणत्या काळाशी जुळते, तेही बघावं लागतं. ही तलवार पहिल्या रघुजींची मानली जाते. १७४० च्या दशकात बंगालवर स्वाऱ्या करणारे ते हेच.

आता शेवटचा शब्द, ‘फिरंग’. फिरंग म्हणजे परदेशी पात्याची तलवार. लेख देवनागरीत, मालक मराठी, पण पातं युरोपातलं! युरोपातून नुसती पाती जहाजाने यायची आणि मूठ इथे बसवली जायची. आपल्या भाषेत सांगायचं तर फाइलला तुमचं नाव दिलं म्हणून आतला कोड तुम्हीच लिहिला असं होत नाही. कोरलेलं नाव बहुतेक वेळा मालकाचं असतं. बनवणारा शोधायचा तर पात्याकडे जावं लागतं.

तिथेही फसगत आहे बरं का. अनेक फिरंगांवर रोमन अक्षरांत ‘आंद्रेआ फेरारा’ असं नाव दिसतं. हा सोळाव्या शतकातला इटलीचा नामांकित कारागीर. पण जर्मनीतल्या सोलिंगेनचे लोहार खप वाढावा म्हणून त्याचं नाव आपल्या पात्यांवर सर्रास घालत. जिनोआचे विळ्यासारखे ठसेही असेच नकलले गेले, आणि त्या नकला भारतातही झाल्या. म्हणजे ठसा हा पुरावा नाही, दावा आहे.

जपानी तलवारींचे अभ्यासक हा धडा कधीच शिकलेत. तिथे बांबूची खुंटी काढली की मूठ सुटते आणि आत झाकलेल्या पात्याच्या शेपटावर लोहाराची सही सापडते, कधी गाव आणि सालही. तिथला गंज कुणी घासत नाही, कारण त्याच्या रंगावरून वय ताडता येतं. मोठ्या लोहारांच्या खोट्या सह्याही तिथे भरपूर. म्हणून जाणकार आधी पातं बघतात, मग सही. आपल्याकडे मूठ आतून राळ किंवा लाख भरून पक्की केलेली असते. ती उघडायच्या भानगडीत पडू नका.

मग घरी जुनी तलवार असेल तर करायचं काय?

एक, मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा. टॉर्च बाजूने, तिरका धरा. पुसट अक्षरांच्या कडांना सावली पडते आणि ती वाचता येतात. पात्याच्या दोन्ही बाजू, पाठ आणि मुठीची आतली बाजू असे सगळे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून.

दोन, अक्षरं दिसतील तशीच उतरवा. तुटलेलं अक्षर अंदाजाने भरू नका.

तीन, घरातली गोष्ट लिहा, पण ती कुणी सांगितली तेही लिहा. मग हे सगळं पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेतल्या जाणकारांना दाखवा.

चार, विकायचा विचार आला तर कायदा बघा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते. ती परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, खंडेनवमीला पूजा जरूर करा, पण आदल्या दिवशी पॉलिश पेपर, चिंच किंवा बफिंग मशीन नको. सोन्याचा लेख म्हणजे पोलादावर ठोकून बसवलेला अगदी पातळ थर. दोनशे वर्षं टिकलेलं नाव दहा मिनिटांच्या घासण्यात जातं आणि त्याचा बॅकअप कुठेच नसतो. मऊ कोरडं कापड पुरे. हळदकुंकू वाहायचं तर म्यानावर वाहा.