भोर-वेल्ह्याच्या वरकस जमिनीवरील नाचणी

पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे (२०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या तालुक्यास राजगड हे नाव मंजूर केले) या डोंगरी तालुक्यांत शेतजमिनीचे दोन ठळक प्रकार आढळतात. खोऱ्यातील पाणी धरणारी खाचरे ही भाताची. तर त्यांवरील उताराची उथळ, मुरमाड जमीन वरकस पिकांची होय. या पिकांत नाचणी प्रमुख आहे. भाटघर, पानशेत यांसारख्या जलाशयांखाली ज्यांची खाचरे गेली, त्यांस या उतारांचाच आधार उरला. आणि उतारावरून धुपणारी माती अखेर त्याच जलाशयांत जाऊन बसते. यास्तव नाचणीच्या लागवडीचा विचार करताना धान्याबरोबर मातीचाही हिशेब मांडावा लागतो.

वनस्पतीचे स्वरूप

नाचणी अथवा नागली (एल्युसिनी कोरॅकाना) हे तृणकुलातील वर्षायू पीक असून तिचे मूलस्थान पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशात मानले जाते. ती चतुर्गुणित असून तिच्यात ३६ गुणसूत्रे असतात. हाताच्या बोटांप्रमाणे पसरणाऱ्या कणसात बहुधा स्वपरागण होते. शंभर ग्रॅम धान्यात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. हे प्रमाण तांदूळ व गहू यांच्या कित्येक पट आहे. धान्यास कीड सहसा लागत नसल्याने ते दीर्घकाळ टिकते.

नाचणीचे प्रकाशसंश्लेषण चार-कार्बनी प्रकारचे आहे. या गुणाचा लाभ भरपूर प्रकाश व उष्णता असताना होतो. आषाढ-श्रावणाच्या झाकोळात तो फारसा मिळत नाही. दाणा भरण्याचा काळ पाऊस ओसरल्यानंतर यावा, हे म्हणूनच इष्ट. दमट हवेत फुलोरा आल्यास करपा रोगाची बुरशी कणसाच्या मानेवर पडते, हेही याचे दुसरे कारण होय. तथापि फार उशिरा पिकणारा वाण उथळ जमिनीतील ओल संपल्यावर सुकतो. माथ्यावर हळवा व खालच्या खोल जमिनीत गरवा, या जुन्या विभागणीचे मर्म यातच आहे.

रोपवाटिका

रूढ पद्धतीत झाडांच्या फांद्या, पालापाचोळा व शेण यांचे थर जाळून राब केला जातो. त्यायोगे तणांचे बी मरते, माती भुसभुशीत होते व राखेतून पालाश मिळते. परंतु शेतास मिळावयाचे शेण जळून जाते आणि वरच्या उतारावरील झाडे दरवर्षी बोडकी होतात. कुजलेले शेणखत घातलेल्या गादीवाफ्यावर जूनच्या आरंभी ओळीत बी पेरल्यास रोपे तितकीच जोमदार होतात. मात्र राबाने होणारे तणनाशाचे काम तेथे खुरप्याने करावे लागते. हेक्टरी ४ ते ५ किलो बी पुरते. पेरणीपूर्वी बियाण्यास अझोस्पिरिलम हे जिवाणूखत किलोस २५ ग्रॅम या प्रमाणात चोळावे.

पुनर्लागण

सुमारे २५ दिवसांची रोपे २२.५ × १० सेंटिमीटर अंतरावर लावावीत. ओळी उतारास आडव्या असाव्यात. प्रत्येक ओळ मग वाहत्या पाण्यास लहानसा अडसर ठरते. ओळींचा दुसरा उपयोग निंदणीत दिसतो. नाचणीची रानटी सोयरी एल्युसिनी इंडिका कोवळेपणी नाचणीसारखीच दिसते. फोकून पेरलेल्या शेतात ती ओळखणे कठीण, परंतु ओळीबाहेर उगवलेले रोप निःशंकपणे उपटता येते. हेक्टरी ६० किलो नत्र, ३० किलो स्फुरद व ३० किलो पालाश द्यावे. नत्राचा अर्धा हप्ता लागणीच्या वेळी व उरलेला महिन्याने द्यावा. सारे नत्र एकदम दिल्यास बरेचसे पावसात वाहून जाते.

फेरपालट

पूर्वी वरकस जमिनीत प्रथम वर्षी नाचणी, नंतर वरी, मग कारळे घेऊन ती काही वर्षे पडीत टाकीत. पडीताचा काळ जसा आखडत जातो, तशी जमिनीची भरपाई अपुरी पडते. ही उणीव केवळ रासायनिक खताने भरून निघत नाही. नाचणीच्या ओळींमध्ये उडीद अथवा तूर घेणे व बांधावर गवत राखणे त्यास जोडावे लागते. वरकस उताराची माती टिकली, तरच त्यावरील नाचणी व खालचा जलाशय ही दोन्ही टिकतील.