मिनीडीव्ही टेप संगणकात उतरवताना

डोंबिवलीची गुढीपाडव्याची स्वागतयात्रा १९९९ साली सुरू झाली. त्या काळात ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या लग्नामुंजी, बारशी, मिरवणुका टिपणारे मिनीडीव्ही कॅमकॉर्डर आज माळ्यावर पडून आहेत. टेप संगणकात उतरवायची तर फायरवायर जोडणीचं कार्ड हवं. सोनीच्या कॅमेऱ्यावर याच जोडणीला ‘आय-लिंक’ म्हटलेलं असतं.

कॅमेऱ्याला यूएसबीचं भोकही असतं, पण बहुतेक कॅमेऱ्यांत ते फोटोंपुरतं. टेपवरचं मूळ चित्रण जसंच्या तसं येतं ते फायरवायरमधूनच.

आधी संगणकाचं झाकण उघडून स्लॉट बघा. जुन्या मदरबोर्डवर पीसीआय असतो, नव्यावर पीसीआय एक्स्प्रेस. एकाचं कार्ड दुसऱ्यात बसत नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेलं कार्ड मिळालं तर तेच घ्या. कॅमेऱ्याच्या बाजूला चार पिनांचं तोंड असतं, कार्डाला बहुधा सहा पिनांचं, म्हणून केबल ४-६ मागा. फायरवायरला यूएसबीचं टोक लावलेल्या स्वस्त जोडपिना मात्र अजिबात घेऊ नका, त्यातून चित्रण येत नाही.

एका तासाच्या टेपला सुमारे १३ जीबी जागा लागते, आणि टेप पूर्ण तासभर चालवावीच लागते. व्हीएचएस कॅसेटला हे कार्ड चालत नाही, तिला अ‍ॅनालॉग कॅप्चर कार्ड लागतं.

टेपवरचा चुंबकीय थर वर्षागणिक झिजतो. आपल्याकडच्या दमट हवेत बुरशीही धरते. येत्या पावसाळ्याआधी टेपा उतरवून घ्या.