सुटीतील सात दिवस आणि एक गळके छप्पर

उन्हाळ्याची सुटी लागली की आपल्याकडील मुले मामाच्या गावी जातात, विहिरीत डुंबतात आणि आंब्यांच्या अढीभोवती घुटमळतात. सुटी म्हणजे विसावा, ही आपली साधी समजूत आहे. परंतु वाचकहो, अमेरिकेच्या पूर्व भागात असे काही किशोरवयीन मुलगे आणि मुली आहेत, की जे सुटीतील एक आठवडा स्वतः पैसे भरून दुसऱ्याच्या घराचे छप्पर दुरुस्त करण्यात घालवितात. रात्री ते एखाद्या शाळेच्या वर्गात जमिनीवर पथारी पसरून झोपतात आणि सकाळी हातोडी व करवत घेऊन कामावर जातात. हा उपक्रम १९६९ पासून चालत आलेला आहे. त्याचे नाव अ‍ॅपलेचिया सर्व्हिस प्रोजेक्ट.

त्याची हकिकत आपल्या वाचकांपुढे ठेवण्याचे कारण केवळ कौतुक हे नव्हे. परक्याच्या दारी मदतीसाठी जाताना आपण त्याचे घर सावरतो की त्याचा मान मोडतो, असा एक अवघड प्रश्न या कामाच्या पोटात आहे. तो प्रश्न आपल्याही परिचयाचा आहे.

कोळशाच्या डोंगरातील घरे

अ‍ॅपलेचिया ही पर्वतराजी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला समांतर पसरली आहे. केंटकी, टेनेसी, व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया या राज्यांतील तिच्या अरुंद दऱ्यांमध्ये कोळशाच्या खाणी आहेत. एके काळी या खाणींवर हजारो कुटुंबे पोसली जात. पुढे खाणींत यंत्रे आली. रेल्वेची इंजिने कोळशाऐवजी डिझेलवर धावू लागली आणि घरे तापविण्यासाठी तेल व वायू यांचा उपयोग होऊ लागला. १९५० नंतरच्या दशकात खाणीतील माणसांची गरज झपाट्याने घटली. तरुण मंडळी ओहायो आणि मिशिगनमधील कारखान्यांकडे निघून गेली. मागे राहिले ते वृद्ध आईबाप, कोळशाच्या धुळीने फुप्फुसे निकामी झालेले खाणकामगार आणि त्यांची लाकडी घरे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. यांपैकी बहुतेक माणसे बेघर नव्हती. घर त्यांचे स्वतःचे होते, बहुधा वडिलोपार्जित जमिनीवरचे होते. अडचण होती ती रोख पैशाची. लाकडी घराला डागडुजी सतत लागते. छपराची एक फट वेळीच बुजविली नाही, की पाणी भिंतीत उतरते; भिंतीतून जमिनीखालच्या तुळयांपर्यंत जाते; तुळया कुजतात आणि एक दिवस स्वयंपाकघरातील फळी पायाखाली खचते. हिवाळ्यात नळातील पाणी गोठून नळ फुटतात आणि ओल आणखी वाढते. अशा रीतीने प्रारंभी थोडक्या खर्चात भागले असते असे काम काही वर्षांत घराच्याच मुळावर येते.

पन्नास जण, चार घरे

१९६४ च्या एप्रिल महिन्यात अध्यक्ष जॉन्सन केंटकीतील आयनेझ या गावी गेले. दारिद्र्याविरुद्ध त्यांनी पुकारलेल्या लढ्याचे प्रतीक म्हणून तेथील एका गरीब कुटुंबाच्या ओसरीवर बसलेली त्यांची छायाचित्रे देशभर पोचली. १९६५ साली या प्रदेशासाठी स्वतंत्र विकासाचा कायदा झाला. रस्ते होऊ लागले, दवाखाने निघाले. पण गळके छप्पर गळतच होते.

ग्लेन एव्हन्स नावाचे एक मेथॉडिस्ट धर्मोपदेशक होते. ते मूळचे टेक्सासचे, म्हणून सारे त्यांना ‘टेक्स’ म्हणत. केंटकीच्या डोंगरातील हेंडरसन सेटलमेंट या सेवाकेंद्राचे काम त्यांनी पाहिलेले असल्यामुळे त्या दऱ्या आणि तेथील माणसे त्यांच्या चांगल्या परिचयाची होती. चर्चशी संबंधित असलेल्या शहरी तरुणांना येथे आणावे आणि त्यांच्या हातून घरे दुरुस्त करवून घ्यावीत, अशी कल्पना त्यांनी मांडली. १९६९ च्या उन्हाळ्यात केंटकीतील बार्बरव्हिल येथे पन्नास स्वयंसेवक जमले. त्या उन्हाळ्यात त्यांनी चार घरे दुरुस्त केली. आरंभ इतका लहान होता. पण पुढील प्रत्येक दशकात कामाचा विस्तार होत गेला आणि अनेक राज्यांतील हजारो तरुण त्यात येऊ लागले. घर अधिक उबदार, अधिक सुरक्षित आणि अधिक कोरडे व्हावे, एवढेच ध्येय त्यांनी पुढे ठेवले. नवे सुंदर घर बांधून देण्याचे वचन त्यांनी दिले नाही. कदाचित म्हणूनच त्यांचे वचन पाळले गेले.

आठवडा कसा जातो

रविवारी मुलांच्या मोटारी येऊन पोचतात. चौदा वर्षांपुढील पाच-सहा मुलामुलींमागे एक-दोन प्रौढ माणसे, अशा तुकड्या पाडतात. त्यांची व्यवस्था पाहणारे तरुण स्वतः महाविद्यालयात शिकणारे असतात. कोणत्या घरी कोणते काम, लाकूड किती, खिळे किती, याचा हिशेब तेच ठेवतात. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत काम चालते. सायंकाळी सर्वजण एकत्र जमतात, प्रार्थना होते, दिवसभर काय पाहिले त्याविषयी बोलणे होते.

कामे साधी असतात, परंतु साधे काम म्हणजे सोपे काम नव्हे. पाणसळ लावून तुळई सरळ बसविणे, ओळंबा धरून खांब उभा करणे, गुण्याने काटकोन तपासणे हे सारे त्या मुलांना तेथेच शिकावे लागते. उदाहरणार्थ, चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या एखाद्या आजीबाईंसाठी दाराशी उतरण बांधावयाची आहे असे समजा. उंबरठा जमिनीपासून अडीच फूट उंच आहे. तेथे नियम असा, की एक इंच उंचीला उतरणीची लांबी निदान एक फूट हवी. म्हणजे अडीच फुटांसाठी तीस फूट! शाळेत गुणोत्तराचा कंटाळा करणाऱ्या मुलाला येथे त्याचा अर्थ उमगतो. उतरण आखूड झाली तर खुर्ची घसरेल आणि आजीबाई पडतील.

एका आठवड्यात काम पुरे होतेच असे नाही. पहिली तुकडी कुजलेली जमीन उखडते आणि नव्या तुळया बसविते. फळ्या ठोकते ती दुसरी. भिंतीत थंडी अडविणारे थर भरते ती तिसरी. आपण सुरू केलेले घर पुरे झालेले पाहण्याचे भाग्य अनेकांच्या वाट्याला येत नाही. केलेल्या कामावर आपले नाव कोरण्याची हौस ज्या वयात सर्वांत अधिक असते, त्याच वयात ही मुले अर्धे काम दुसऱ्याच्या हाती सोपवून घरी परततात.

मानाचा प्रश्न

या उपक्रमावर आक्षेप नाहीत असे समजू नका. एक कुशल सुतार जे दोन दिवसांत करील त्याला पाच अननुभवी मुले आठवडा लावतात. मग प्रवासाचा आणि जेवणाचा पैसा थेट सुतारालाच का देऊ नये, असे टीकाकार विचारतात. हा आक्षेप अगदीच निराधार म्हणता येणार नाही. मुले जे शुल्क भरतात त्यातून साहित्याच्या खर्चाला हातभार लागतो आणि घरमालकाकडून काही घेतले जात नाही, हे त्याचे एक उत्तर. परंतु खरे उत्तर निराळे आहे आणि ते समजण्यासाठी १९६७ सालची एक दुःखद घटना आठवावी लागते.

त्या सालच्या सप्टेंबरात कॅनडाचे चित्रपट-निर्माते ह्यू ओकॉनर पूर्व केंटकीतील जेरेमाया येथे एका खाणकामगाराचे चित्रीकरण करीत होते. आपल्या जागेत शिरून कॅमेरे रोखलेले पाहून घरमालक संतापला आणि त्याने त्यांच्यावर गोळी झाडली. ओकॉनर जागीच मरण पावले. त्या कृत्याचे समर्थन कोणी करू नये. पण कित्येक वर्षे बाहेरचे लोक येऊन आपल्या दारिद्र्याची चित्रे घेऊन जातात, ही सल त्या दरीत किती खोल गेली होती हे त्यावरून दिसले. त्यानंतर दोनच वर्षांनी एव्हन्स यांनी अनोळखी मुलांना त्याच डोंगरातील घरांत नेले.

म्हणूनच त्यांनी मुलांना शिकविले, की माणूस जसा आहे, जेथे आहे, तसाच त्याचा स्वीकार करा. त्याला सुधारावयास जाऊ नका. घराची निवड होते ती मालकाने स्वतः अर्ज केल्यावर. दुपारची भाकरी त्या कुटुंबाबरोबर बसून खावी, घाई करू नये, अशी तेथील रीत आहे. फळी एक दिवस उशिरा बसली तरी चालते, पण ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्याचे बोलणे अर्धवट तोडलेले चालत नाही. तो खाणीच्या गोष्टी सांगतो, मुलाने खिळा वाकडा मारला की हसतो आणि हातोडी कोठे धरावी ते दाखवितो. त्या क्षणी कोण कोणाला मदत करीत आहे, हे सांगणे कठीण होते.

आपल्या अंगणात

१९६९ हे वर्ष आपल्यालाही परके नाही. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या त्या वर्षी, २४ सप्टेंबर रोजी, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. दत्तक घेतलेल्या खेड्यातील तिचे विशेष शिबिरही सात दिवसांचेच असते. त्याआधी दोन वर्षे, १९६७ साली, बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरविण्यास प्रारंभ केला होता. त्याच्याही मागे जायचे तर १९३४ च्या बिहारमधील भूकंपानंतर स्विस अभियंता पिएर सेरेझोल आपले सहकारी घेऊन आले आणि उद्ध्वस्त मुलखात नवी वस्ती उभारण्यासाठी त्यांनी स्वतः कुदळ हाती घेतली. धर्म आणि देश निराळे असले तरी हातांना पडलेले घट्टे सारखेच होते.

तेव्हा वाचकहो, पुढील सुटीत आपल्या मुलाने वा मुलीने अशा एखाद्या शिबिराला जाण्याची परवानगी मागितली तर ती अवश्य द्यावी. मात्र निघण्यापूर्वी एवढे विचारावे : हे काम त्या गावातील माणसांनी मागितले आहे काय? आणि परत आल्यावर किती काम केले हे विचारण्याआधी, ज्यांच्या घरी काम केले त्यांची नावे काय, ते विचारावे. ती नावे मुलाला सांगता आली, तर त्याचे सात दिवस सत्कारणी लागले असे खुशाल समजावे.