बिली हॉलिडे: दंतकथेखाली दबलेलं गाणं

बिली हॉलिडेचं नाव निघालं की आधी तिचं दुःख निघतं: हलाखीचं बालपण, नशेचं व्यसन, तुरुंगवास, वयाच्या ४४व्या वर्षी मृत्यू. यातलं काहीच खोटं नाही. पण या कहाणीखाली तिचं गाणं दबलं आणि तिच्याविषयीचे बहुतेक गैरसमज तिथूनच जन्मले.

‘ती कायम दर्दभरं गायची’ हा त्यातला सर्वांत मोठा. २ जुलै १९३५ रोजी पियानोवादक टेडी विल्सनच्या साथीदारांबरोबर तिने ‘व्हॉट अ लिटल मूनलाइट कॅन डू’ ध्वनिमुद्रित केलं. वय वीस, लय उडती, आवाजात निखळ खुशी. अशा तबकड्या तेव्हा ज्यूकबॉक्ससाठी झटपट काढल्या जात आणि गाणीही पुष्कळदा सुमारच वाट्याला येत. तिचं कसब नेमकं इथेच दिसतं. आवाजाचा पल्ला एका सप्तकाहून थोडाच मोठा. म्हणून मूळ चाल ती मोजक्या सुरांत आणायची आणि शब्द ठेक्याच्या किंचित मागे ठेवायची. ओळ रेंगाळते, ठेका मात्र सुटत नाही. लुई आर्मस्ट्राँग आणि बेसी स्मिथ यांच्या तबकड्या ऐकत ती घडली होती. १९३७पासून लेस्टर यंगचा सॅक्सोफोन तिच्या ओळींमधल्या मोकळ्या जागांत बोलू लागला. माझ्या मते तिचं सर्वोत्तम काम हेच.

‘ब्लूजगायिका’ ही ओळखही अपुरी. बारा बारच्या बांधणीचे ब्लूज तिने फार थोडे गायले. तिचा मुख्य ऐवज म्हणजे त्या काळची लोकप्रिय गाणी. हा समज पसरला तो १९५६च्या ‘लेडी सिंग्ज द ब्लूज’ या आत्मचरित्राच्या नावामुळे आणि १९७२च्या चित्रपटामुळे. ते पुस्तक विल्यम डफ्टीने शब्दबद्ध केलं. त्यात जन्म बाल्टिमोरचा आणि आई तेरा वर्षांची. प्रत्यक्षात जन्म फिलाडेल्फियाचा आणि आई एकोणीस वर्षांची.

याच पुस्तकाने ‘स्ट्रेंज फ्रूट’च्या चालीत तिचा हात असल्याचंही पसरवलं. कृष्णवर्णीयांना जमावाने मारून झाडाला लटकवण्याविरुद्धची ही कविता ब्रॉन्क्समधला शिक्षक एबल मीरोपोल याची, १९३७ साली छापलेली, चालही त्याचीच. बिलीने ती न्यूयॉर्कच्या कॅफे सोसायटीत गायली. तिच्या नेहमीच्या कंपनीने ध्वनिमुद्रणाला नकार दिला, तेव्हा मिल्ट गेबलरच्या छोट्या कमोडोर कंपनीने २० एप्रिल १९३९ रोजी ते केलं. गाणं तिचं नव्हतं, पण ते जगापुढे ठेवण्याची जोखीम तिने पत्करली. हे श्रेय पुरेसं मोठं आहे.

काउंट बेसीच्या वाद्यवृंदात ती जवळपास वर्षभर गायली, तरी त्याची स्टुडिओतली एकही तबकडी नाही. कारण दोघांचे करार वेगवेगळ्या कंपन्यांशी होते. उरली ती रेडिओवरून टिपलेली मोजकी गाणी.

१९५८च्या ‘लेडी इन सॅटिन’मधला खचलेला आवाज ऐकून तिच्याविषयी मत बनवू नका. तो शेवटचा टप्पा आहे. सुरुवात २५ जानेवारी १९३७च्या ‘धिस इयर्स किसेस’पासून करा: आधी लेस्टर यंग चाल वाजवतो, मग बिली गाते. दोन्ही लक्ष देऊन ऐका.