नियम बदलला की खेळ किती बदलतो? बास्केटबॉलमधला बचाव आणि गुणसंख्या

आजचा विषय बास्केटबॉलचा आहे, आणि तत्त्वज्ञानाच्या माणसाने त्यावर का बोलावं, हे पुढे आपोआप स्पष्ट होईल. सुरुवात एका सामन्यापासून करू. २२ नोव्हेंबर १९५०. अमेरिकेतली व्यावसायिक लीग एनबीए. मिनियापोलिस लेकर्स विरुद्ध फोर्ट वेन पिस्टन्स. पूर्ण ४८ मिनिटांचा खेळ झाला आणि निकाल लागला १९-१८. दोन्ही संघांचे मिळून फक्त आठ बास्केट! लेकर्सच्या १८ पैकी १५ गुण एकट्या जॉर्ज माइकनचे.

हा बचावाचा विजय होता का? वरवर पाहता हो. पण पिस्टन्सने केलं काय, तर चेंडू हातात धरून ठेवला. माइकन उंच, धिप्पाड; त्याच्याशी झुंजण्यापेक्षा चेंडू त्याच्यापर्यंत पोचूच द्यायचा नाही. नियमात याला बंदी नव्हती. म्हणजे पिस्टन्सने नियम मोडला नाही, पण प्रेक्षक ज्यासाठी आले होते ती गोष्टही घडू दिली नाही. इथे आपला प्रश्न उभा राहतो. नियम पाळूनही खेळ मारता येतो, मग नियम नेमका कशासाठी असतो?

याची दुसरी बाजूही बघा. आघाडीवरचा संघ चेंडू धरून बसला, तर मागे पडलेल्यांनी करायचं काय? फाउल करायचा! समोरच्याला फ्री थ्रो मिळतो, पण निदान चेंडू तरी परत आपल्याकडे येतो. मार्च १९५३ मध्ये बोस्टन आणि सिरॅक्यूज यांचा एक बाद फेरीचा सामना चार जादा डाव चालला. त्यात बोस्टनच्या बॉब कूझीने ५० गुण केले आणि त्यातले ३० फ्री थ्रोचे. आपण तिकीट काढून गेलो आणि निम्मा वेळ एक माणूस रेषेवर उभा राहून चेंडू टाकताना पाहिला, असं झालं तर पुन्हा जाऊ का?

उत्तर शोधलं सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी. गृहस्थांची बोलिंगची गल्ली होती, म्हणजे हिशेबी माणूस. ते आणि त्यांचे सहकारी यांनी साधा भागाकार केला. रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० शॉट मारतात. ४८ मिनिटांचे २८८० सेकंद. भागिले १२०. उत्तर २४. झालं! १९५४ पासून प्रत्येक संघाला २४ सेकंदांत शॉट घेणं सक्तीचं झालं. जोडीला प्रत्येक सत्रात संघाच्या फाउलवर मर्यादा आली. ती ओलांडली की दंड वाढायचा. एका संघाची सामन्यामागची सरासरी आधीच्या हंगामात सुमारे ७९ गुण होती, ती ९३ वर गेली. आणि त्या पहिल्या हंगामाचं विजेतेपद सिरॅक्यूजने कोणाला हरवून मिळवलं? फोर्ट वेन पिस्टन्सना, शेवटच्या सामन्यात ९२-९१ असं!

आपल्याकडच्या कबड्डीत हीच युक्ती आहे. प्रो कबड्डीत लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो'. रेडरला नुसतं रेषेला पाय लावून परत येता येत नाही. टाळाटाळ महाग करायची, हा दोन्हीकडचा विचार.

आता एक गोष्ट नीट लक्षात घेऊ, कारण इथे पुष्कळांची गल्लत होते. २४ सेकंदांच्या घड्याळाने फक्त आक्रमणाला मदत केली, असं समजतात. आमच्या मते त्याने बचावालाही अर्थ दिला. त्याआधी बचाव करणाऱ्याला अंतिम रेषाच नव्हती. किती वेळ अडवायचं? आता २४ सेकंद अडवलं की चेंडू आपला. बिल रसेल १९५६ मध्ये बोस्टनला आले आणि १३ हंगामांत ११ विजेतेपदं त्यांनी मिळवली, मुख्यतः बचावाच्या जोरावर. घड्याळाशिवाय त्या बचावाला एवढी किंमत आली नसती.

जॉन सर्ल या तत्त्वज्ञाने नियमांचे दोन प्रकार सांगितले. काही नियम आधीच असलेल्या व्यवहाराला शिस्त लावतात. वाहनं नियमाआधीही रस्त्यावर असतात. काही नियम व्यवहार निर्माणच करतात. बुद्धिबळाच्या नियमाआधी 'शह' नावाची गोष्टच नसते. बास्केटबॉलच्या इतिहासात मौज अशी, की शिस्त लावायला आणलेला नियम हळूच नवी गोष्ट निर्माण करतो. घड्याळ आणलं दिरंगाई थांबवायला, आणि जन्माला आलं ते नवं बचावशास्त्र.

आता गुणांकडे वळू. १९६१-६२ च्या हंगामात संघांची सरासरी जवळपास ११९ होती. त्याच हंगामात विल्ट चेंबरलेनने एका सामन्यात १०० गुण केले. २०२२-२३ ची सरासरी सुमारे ११५. आकडे शेजारी शेजारी आहेत, म्हणून खेळ सारखा का? नाही. तेव्हा एक संघ सामन्यात सुमारे १०८ शॉट मारत होता आणि त्यातले ४३ टक्क्यांच्या आसपास आत जात होते. आता शॉट सुमारे ८८, पण त्यातले बरेच तीन गुणांचे. तेव्हाचे गुण धावपळीतून आले, आजचे निवडीतून येतात. आकडा तोच, कारण वेगळं. कारण न विचारता आकड्यांची तुलना करणं हा तर्कदोष आहे.

तीन गुणांची रेषा एनबीएत आली १९७९ मध्ये. पहिल्या हंगामात संघ सामन्यामागे तीनही प्रयत्न करत नव्हते. आज ३५ च्या आसपास करतात. हिशेब तर पहिल्या दिवसापासून समोर होता. लांबून १०० पैकी ३५ शॉट गेले तर १०५ गुण. मधल्या अंतरावरून ४५ गेले तरी ९० च. मग चाळीस वर्षं का लागली? एक कारण सवय. प्रशिक्षक ज्या खेळात वाढले, त्यात टोपलीच्या जवळ जाणं म्हणजे शहाणपण होतं. नियम एका दिवसात बदलतो, डोकी पिढीने बदलतात.

दुसरं कारण म्हणजे बाकीचे नियम. १९४७ पासून एनबीएत झोन बचावाला, म्हणजे माणूस न धरता जागा राखण्याला, बंदी होती. २००१ मध्ये ती उठली. फक्त कोणालाही न धरता टोपलीखालच्या पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येईना. आक्रमकाला एकट्याने एकाशी झुंजणं अवघड झालं, चेंडू फिरवणं भाग पडलं. मग २००४ मध्ये ड्रिबल करणाऱ्याच्या कमरेवर हात ठेवून त्याला वळवण्यावर पंच कडक झाले. सरासरी एका हंगामात ९३ वरून ९७ वर गेली. चपळ, लहान चणीच्या खेळाडूंना वाट मोकळी झाली. स्टीव्ह नॅश लागोपाठ दोन वर्षं सर्वोत्तम खेळाडू ठरले. पुढे २०१५-१६ मध्ये स्टीफन करीने एका हंगामात ४०२ त्रिगुणी बास्केट केले. धिप्पाड बचावपटूला टोपलीखालून बाहेर, रेषेपर्यंत धावावं लागलं. म्हणजे आजच्यांना बचाव येत नाही, हे खरं नाही. त्यांच्या हातातलं एक साधन काढून घेतलं आणि राखायचं अंगण मोठं केलं.

शेवटी न्यायाचा मुद्दा, कारण नियम कोणाला तरी डोळ्यांसमोर ठेवून लिहिला जातो. माइकनमुळे १९५१ मध्ये टोपलीखालचा पट्टा सहा फुटांचा बारा फूट झाला. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळात डंकवर बंदी आली. लू अल्सिंडर, म्हणजे पुढचे करीम अब्दुल-जब्बार, तेव्हा ऐन भरात होते. या बंदीत कृष्णवर्णीयांविषयी भेदभाव दिसतो, असं ते स्वतः म्हणाले. बंदी १९७६ पर्यंत टिकली. तोवर त्यांनी स्कायहूक असा घोटला होता, की तो अडवणं जवळपास अशक्य झालं.

पट्टा रुंद केला तेव्हाही उंच माणूस खेळू शकत होता; फक्त त्याला उत्तर शोधावं लागलं. डंक बंद केला तेव्हा एक कौशल्यच बेकायदा ठरलं. आमच्या मते चांगल्या आणि वाईट नियमातला फरक इथे आहे. चांगला नियम नवा प्रश्न घालतो आणि दोन्ही बाजूंना उत्तराची संधी ठेवतो. वाईट नियम ज्याला उत्तर येतं त्यालाच गप्प करतो. ही कसोटी मैदानाबाहेरही लावून पाहता येईल: परीक्षेच्या नियमांना, सभेच्या नियमांना, कायद्यालासुद्धा. आणि पुढच्या वेळी कोणी म्हणालं, 'आमच्या काळातला खेळ खरा होता', तर वाद घालण्याआधी एवढंच विचारू या: तुमच्या काळात नियम काय होता?